गुडघ्याची मोजणी

समोरच्या ब्लॉकमधल्या नानांनी माझ्या गुडघ्याच्या मोजणीसाठी माझ्या बायकोला लेखी नोटीस दिली. शेत मोजताना लगतच्या खातेदाराला नोटीस जाते, आणि माझ्या लगत तीच. 'सकाळी साडेनऊ वाजता जागेवर हजर राहावे.' तिने पिठाच्या हाताने सहीसुद्धा केली.

नाना मूळचे दोंडाईचाचे, निवृत्त मोजणीदार. अर्ध्या धुळे जिल्ह्याचे बांध मोजून आता जळगावात राहतात. माझा गुडघा त्यांच्या तावडीत सापडला तो माझ्याच कर्माने. ऑफिसच्या बॅडमिंटन स्पर्धेत, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मी झेप घेऊन शटल मारायला गेलो. शटल एकीकडे पडलं आणि मी गुडघ्याच्या वाटीवर. प्लास्टर निघालं तेव्हा पाय वाकेचना. डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांत नव्वद अंश वाकला नाही तर भूल देऊन वाकवू. मी तिथेच निम्मा बेशुद्ध झालो.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी मोबाइलवर कोन मोजायचं ॲप टाकून दिलं. नडगीवर फोन ठेवायचा, पाय वाकवायचा, आकडा लिहायचा. पण फोन धरायला दुसरं माणूस हवं. नाना त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "मी शे ना."

रोज साडेनऊला ते हजर. आधी फोन फरशीवर ठेवून शून्य तपासत. त्यातून आमचा हॉल दीड अंश उतरता असल्याचं कळलं. मग बॉलपेनने माझ्या नडगीवर हद्दीच्या खुणा. मग, "कोनी हरकत शे का?" हरकत गुडघ्याचीच असे, ती ते नोंदवून घेत नसत. आकडा वाढावा म्हणून मी हळूच कंबर उचलायचो. "भाऊ, बांध कोरू नको," नाना फोनवरची नजर न काढता म्हणत. कळ अशी यायची की माझे डोळे मिटलेले. आकडा तेच वाचत आणि वहीत लिहीत.

साठ, बहात्तर, ऐंशी. मग गाडी अडकली. आठवडाभर शहाऐंशी, सत्त्याऐंशी, पुन्हा शहाऐंशी. मी रडकुंडीला आलो. आयुष्यात कधी केला नव्हता एवढा व्यायाम केला, तोही निव्वळ भीतीपोटी.

तपासणीच्या दिवशी मॅडमनी स्वतः मोजलं. एकशे चार. म्हणाल्या, "हा चार-पाच दिवसांपूर्वीच नव्वदच्या पुढे गेला असणार. सोमवारपासून ऑफिसला जा."

आनंद व्हायचा सोडून मी भडकलो. काठी आपटत थेट नानांकडे गेलो. दार उघडंच होतं. ओट्यावर एक ताट, एक वाटी, एक भांडं पालथं. नानांची बायको, अक्का, जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि त्यानंतर त्या घरात मी पहिल्यांदाच पाऊल टाकत होतो.

"नाना, एकशे चार आहे."

"माहीत शे," नाना खाली बघत म्हणाले. "खोटं लिखं मी. जिंदगीमा पहिल्यांदा." मग, "तू हापिसमा जाशी. मंग साडेनऊले मी कोठे जाऊ?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. स्वतःची फार लाज वाटली. मी त्यांच्या खाटेवर बसलो.

"मॅडम म्हणाल्या, एकशे तीस होईपर्यंत रोज मोजायचं. ऑफिसच्या आधी. नऊला याल का?"

मॅडम असं काहीच म्हणाल्या नव्हत्या.

नानांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला.

"आठले येसू," ते म्हणाले.