फ्रीजमधला हिरा

सुरभीनं हिरा फ्रीजमध्ये ठेवला, तोही दह्याच्या भांड्याशेजारी, आणि वर मोठ्या जावेला बजावलं, "बायजाताई, ह्या डबीला हात नका लावू हं. उद्या मोठ्या साहेबांना दाखवायचाय."

बायजाच्या अंगाचा तिळपापड झाला. दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आलेली सुरभी खालापूरजवळच्या एका प्रयोगशाळेत कामाला होती. तिथं म्हणे चकतीवर हिऱ्याचा केसाहून पातळ थर चढवतात, आणि तापाच्या विषाणूचं प्रथिन त्याला चिकटलं की यंत्र लगेच सांगतं. हे सगळं बायजाच्या एका कानातून शिरून दुसऱ्या कानातून गेलं. आत राहिला तो नुसता हिरा. अठरा वर्षं भाकऱ्या थापून तिला मिळाली होती नाकातली एक चमकी, आणि ही कालची आलेली हिरा घेऊन घरी येते!

त्यात रविवारी नणंदेची, रियाची हळद. नवरीला पहिली हळद थोरल्या सुनेनं लावायची. तेवढा एकच मान सुरभीला नव्हता. पण तीन दिवस बायजाच्या अंगात कणकण होती. सासूबाईंना कळलं असतं तर तोही मान गेला असता. म्हणून ती पदरात तोंड खुपसून खोकायची आणि कुणी विचारलंच तर म्हणायची, "मिरचीचा ठसका हाय."

सकाळी सुरभी न्हाणीत गेली आणि बायजानं डबी उघडली. आत नखाएवढी काळपट चकती.

"ह्यो हिरा? फसवली गं हिला!" बायजाला फार बरं वाटलं. तरी खात्री करायलाच हवी होती. फुंकर मारल्यावर वाफ झटकन उडाली तर हिरा खरा, असं कर्जतच्या सोनारानं तिला सांगितलं होतं. तिनं डबी तोंडाशी धरून फुंकर मारली आणि नेमका तेव्हाच खोकला आला. तिनं घाईघाईनं त्याच पदरानं चकती पुसली आणि डबी होती तिथं ठेवली.

संध्याकाळी सुरभी रडवेली होऊन आली. "सगळ्यांपुढे शोभा झाली. कोऱ्या चकतीनं गप्प बसायचं, तर ती विषाणू दाखवायला लागली! मला तपासलं, मी ठणठणीत. घरात कुणी आजारी आहे का?"

"कोन नाय गं," म्हणता म्हणता बायजाला जोराचा ठसका लागला. "मिरची..."

सासूबाईंनी, चंद्राबाईंनी चुलीकडं पाहिलं. चुलीवर खीर होती.

"मागच्या खोलीत जा आदी! नवरीला ताप देतीस काय गं?"

सुरभीनं तिच्या घशातला नमुना घेतला आणि हळदीचा मानही सुरभीकडंच गेला. रविवारी बायजा मागच्या खिडकीतून बघत हुंदके देत होती. सुरभीनं रियाच्या गालाला हळद लावली, तेवढ्यात मांडवाशी पांढरी गाडी थांबली.

"बायजाबाई कुठायत?" गाडीतून उतरलेल्या बाईंनी विचारलं. "चकतीनं दाखवलेल्या विषाणूशी त्यांच्या घशाचा नमुना जुळला! सहा महिन्यांत आमची चकती पहिल्यांदा बरोबर बोलली. त्यांच्याकडून आणखी नमुने हवेत. साहेबांनी गाडी पाठवलीय."

वाजंत्री थांबली. हळदीसाठी काढून ठेवलेलं लुगडं नेसून, तोंडाला मास्क लावून बायजा मांडवाच्या मधून निघाली. "बाजूला व्हा गं, माजा ताप लागंल तुमाला," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"मी दोन वर्षं टमटमनं जाते," सुरभी हळदीचे हात तसेच धरून पुटपुटली. "मला कधी गाडी नाही पाठवली."

बायजानं गाडीच्या काचेतून तिच्याकडं नीट पाहिलं. जावेचा तो चेहरा तिच्या चांगलाच ओळखीचा होता. दोन वर्षं ती तो रोज आरशात बघत आली होती.