तळावर पेपर घेणारे कोळेकर सर

कोळेकर सर परीक्षेचा पेपर मोटारसायकलच्या डिकीत घालून विद्यार्थ्याला शोधत जातात. विश्रामबागेतल्या आमच्या कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवतात. हजेरीला नुसतं ‘प्रेझेंट’ त्यांना चालत नाही. "मेंढरं कुठवर गेली?" हे आधी. ज्यांच्या घरी मेंढरं नाहीत त्यांनाही विचारतात. डॉक्टरांच्या एका मुलानं पहिल्या दिवशी घाबरून "घरी विचारून सांगतो, सर" म्हटलं होतं.

धडा दातांचा निघाला की ते पुस्तक मिटतात. "आधी घरचं सांगा, मग पुस्तकातलं." आमच्या मेंढपाळाच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. घरचं सांगायची मला लाज वाटायची. पण सरांनी मला फळ्यापाशी उभं केलं आणि दातांवरून मेंढीचं वय कसं ओळखतात ते माझ्याकडून सगळ्या वर्गाला शिकवून घेतलं. मध्येच म्हणाले, "लय पुस्तकी बोलू नगंस."

या हिवाळ्यात आमची मेंढरं लोणंदकडं होती आणि आई शेतातल्या तळावरच आजारी पडली. मी तिकडं निघून गेले. त्याच आठवड्यात परीक्षा होती. बुडाली तर वर्ष जाणार होतं. सरांना फोन केला आणि रडायलाच लागले.

"रडू नगंस. तळ कुठं हाय, ते सांग."

तिसऱ्या दिवशी दुपारी सर शेतात हजर. प्राचार्यांची लेखी परवानगी घेऊनच आले होते. मेंढरांना दरडावलं, "कुणी उत्तर सांगायचं न्हाई!" एका कोकरानं प्रश्नपत्रिकेचा कोपरा खाल्ला, तर सरांनी तिथं तसा शेरा लिहून सही केली. तोंडी परीक्षेला वडिलांनी मेंढी धरली. मी तिचा खालचा ओठ दाबून बघितलं. "चार दाती. दोन वर्षांची."

"बरोबर," सर म्हणाले. वडिलांनी मेंढी सोडून घाम पुसला.

आईनं पडल्या पडल्याच विचारलं, "आवं सर, एवढ्या लांब कशाला आलासा? पोरगी आली असती की पेपरापुरती."

सर उत्तरपत्रिका पाकिटात घालत होते.

"माझा बाप असाच तळावर आजारी हुता, मावशी. मी पेपर दिला, मग निघालो. पोचलो तवा मातीबी झाली हुती."

आई उठून बसली.

"पहिला नंबर आला माझा," सर म्हणाले, आणि चिकटलेलं पाकीट अंगठ्यानं पुन्हा पुन्हा दाबत राहिले.