बातम्यांतल्या बाईचं नाक

वस्तू निवडावी तर मीच. हे मी म्हणत नाही, आमच्या घरातली सगळी माणसं म्हणतात. सोफा मी निवडलेला, भिंतींचा रंग मी निवडलेला, आणि त्यांना कुणी नावं ठेवलीच तर त्यावरचा उपायही माझ्याकडे असतो. सोफ्याबद्दल बायको एकदा काहीतरी पुटपुटली होती. मी महिनाभर त्या सोफ्यावर बसलो नाही. पाहुणे सोफ्यावर आणि मी त्यांच्या पायांशी जमिनीवर! तेव्हापासून सोफा उत्तम आहे.

तर नवा टीव्हीही मी एकट्यानेच निवडला. दुकानात त्यावर एक पोपट दाखवत होते. त्याचं पीस न् पीस वेगळं दिसत होतं. मी दुकानदाराला म्हटलं, हाच द्या. घरी येऊन ऐकवून ठेवलं की आता बातम्या देणाऱ्या बाईच्या पापण्यासुद्धा मोजता येतील. भिंतीवरचं कपाट काढून तिथे तो टांगला, गच्चीवरच्या जुन्या डिशची वायर जुन्याच सेट-टॉप डब्यातून त्याला जोडली, बायकोला, लेकीला आणि मेहुण्याला समोर बसवलं आणि रिमोट दाबला.

बाईला नाक नव्हतं.

डोळ्यांच्या जागी दोन डाग होते, तोंडाच्या जागी एक लालसर पट्टा हलत होता आणि मधे सगळं सपाट मैदान. खालून पळणारी अक्षरं म्हणजे ओल्या कागदावरची शाई. मी डोळे चोळले. हळूच बाकीच्यांकडे पाहिलं. बायको म्हणाली, छानच आहे हो. लेकीने मान डोलावली. आणि मेहुणा तर हात जोडून म्हणाला, "भाऊजी, मानलं तुम्हाला. पापण्या मोजून घ्याव्यात असं चित्र आहे."

तिघांना पापण्या दिसत होत्या आणि मला नाक दिसत नव्हतं. मी घाबरलो.

तुम्ही म्हणाल, एवढं घाबरण्यासारखं काय आहे, चाळीशी लागली असेल, चष्मा लावा. पण मी क्रेन चालवतो. इमारती बांधतात तिथे ती उंच, लांब हाताची क्रेन असते ना, तिच्या माथ्याजवळच्या काचेच्या केबिनमध्ये बसणारा माणूस म्हणजे मी. खाली माणसं फिरत असतात आणि त्यांच्या डोक्यावरून मी सळया, पत्रे, काँक्रीटचे तयार जिने इकडून तिकडे नेतो. आणि त्या ओझ्याखाली उभं राहून मला हाताने खुणा करणारा माणूस कोण? माझा मेहुणा. बायकोचा एकुलता एक सख्खा भाऊ. मीच त्याला तिथे चिकटवला होता.

माझ्याआधी त्या क्रेनवर एक म्हातारा होता, त्याला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांचे डोळे अधू झाले ते त्यांनी लपवलं, आणि एके दिवशी सळयांचा गठ्ठा थेट ऑफिसच्या पत्र्यावर टेकवला. आत कुणी नव्हतं म्हणून निभावलं. आता उस्ताद फाटकाशी बसून ट्रकसाठी आडवा बांबू वर-खाली करतात. मला रोज नमस्कार करतात. टीव्ही आला त्या दिवसापासून मी त्यांचा नमस्कार चुकवायला लागलो.

कुणाला सांगण्याची सोय नव्हती. डॉक्टरकडे गेलो तर कागदावर येणार, कागदावर आलं की बांबू. म्हणून मी माझी परीक्षा मीच घ्यायची ठरवली. टीव्हीच्या जवळ गेलो तर चित्र आणखी फुटलं, बाईचे नुसते चौकोन झाले. म्हणजे जवळची नजर गेली. मागे मागे सरकत स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो तेव्हा कुठे नाकासारखं काहीतरी वाटलं. बायकोने विचारलं, एवढा मोठा टीव्ही घेतलात तो इथून बघायला का? मी म्हटलं, पाय मोकळे करतोय.

मग लेकीला आडून विचारलं की त्या बाईच्या कानात काय आहे गं. लेकीने आईकडे पाहिलं, मग टीव्हीकडे पाहिलं आणि म्हणाली, "मोत्यांचे झुमके आहेत, बाबा. खाली छोटासा हिरवा खडा आहे."

हिरवा खडा! मला अख्खा कान दिसत नव्हता.

कामावर तर माझी दैनाच झाली. लांबचं दिसत होतं, पण टीव्हीसमोर बसेपर्यंत आपल्याला सगळंच नीट दिसतंय असं मला वाटतच होतं की. आणि वरून माणसाचं नाक कधीच दिसत नाही, खाली नुसती पिवळी हेल्मेटं असतात. ती नुसती हेल्मेटं दिसतात ती उंचीमुळे की डोळ्यांमुळे, हे ठरवायचं कसं? एरवी दोन फेऱ्यांच्या मधे मी वॉकीटॉकीवर एखादं गाणं म्हणतो. माझा गळा चांगला आहे, हे घरात आणि साइटवर सगळ्यांना मान्य आहे. पण आता गाणं बंद झालं. मी गठ्ठे मुंगीच्या पावलांनी नेऊ लागलो आणि ठरल्या जागेपासून चांगले लांब, जिथे कुत्रंही नसेल अशा जागी उतरवू लागलो. मजूर ते खांद्यावरून वाहत आणि मला वरपर्यंत ऐकू येईल अशा शिव्या देत. साइटचे साहेब वैतागले. पण कुणी मेलं नव्हतं, आणि मला तेवढंच हवं होतं.

मेहुण्याने मात्र याचा भलताच अर्थ लावला, हे मला मागाहून कळलं. भाऊजी गात नाहीत, घरी आपल्याशी धड बोलत नाहीत, आपण दाखवू त्या जागेवर माल ठेवत नाहीत, म्हणजे भाऊजी आपल्यावर रागावलेत. का रागावलेत तेही त्याने मनाशी ठरवलं. टीव्हीचं कौतुक कमी पडलं! मग तो रोज संध्याकाळी येऊन माझ्या शेजारी बसू लागला. भाऊजी, त्या गवतावरचं दव बघा. भाऊजी, त्या माणसाने दाढी करताना गालावर कापून घेतलंय बघा. मला तो माणूस आहे की पोतं आहे हेच कळत नव्हतं. तो जेवढं बारीक दाखवी तेवढा मी आतून खचत जाई. आपल्या डोळ्यांचं काही खरं नाही, आणि उद्या मी याच पोराच्या डोक्यावर लोखंड फिरवणार.

शेवटी व्हायचं तेच झालं. तो काँक्रीटच्या जिन्याचा दिवस होता. अख्खा तयार जिना हुकाला लटकलेला आणि तो दोन भिंतींच्या खाचेत अलगद बसवायचा. इथे लांब कुठेतरी ठेवून चालणार नव्हतं. मेहुणा खाली खाचेपाशी उभा राहून हात हलवत होता. मी जिना त्याच्या जवळपास आणला आणि एकाएकी मला ती बिननाकाची बाई आठवली. वाटलं, तो दाखवतोय ती जागा मला दिसतेय, की दिसतेय असं वाटतंय? मी दांडा सोडून दिला. जिना हवेत थांबला. कुठूनही येत नव्हता आणि कुठेही जात नव्हता, आणि त्याच्या सावलीत माझ्या बायकोचा भाऊ उभा होता.

खालून हाका आल्या. साहेब वॉकीटॉकीवर ओरडले, काय झालं, मशीन अडकलं का? फाटकाशी उस्ताद उभे राहून वर बघताहेत असं वाटलं. मग मी बटण दाबलं आणि जे लपवलं होतं ते सगळं भडाभडा बाहेर पडलं.

"त्याला तिथून बाजूला करा. मला दिसत नाहीये, साहेब. माझे डोळे गेलेत. टीव्हीवरच्या बाईचं मला नाक दिसत नाही. घरात सगळ्यांना पापण्या दिसतात. पोराला बाजूला करा हो."

तिथल्या प्रत्येकाच्या कमरेला वॉकीटॉकी आणि प्रत्येकात माझा आवाज. मग खरखर झाली आणि मेहुण्याचा रडवेला आवाज आला.

"भाऊजी, नाक आम्हालाही दिसत नाही. कुणालाच दिसत नाही. चित्र भिकार आहे. ताईने दम दिला होता, सोफ्यासारखं नको म्हणून."

कुठून तरी एक हसला, मग दुसरा. मी हसलो नाही. मी केबिनमध्ये रडत होतो. मग मेहुणा म्हणाला, मी बाजूला होऊन खुणा करतो, तुम्ही सावकाश घ्या. घेतला. जिना खाचेत अलगद जाऊन बसला.

तरी साहेबांनी मला डॉक्टरकडे पाठवलंच. डॉक्टरांनी तक्त्यावरची खालची इवलीशी ओळही माझ्याकडून वाचून घेतली आणि विचारलं, तुम्हाला त्रास काय आहे? मी नाकाचं सांगितलं. ते म्हणाले, आमच्याकडेही तसंच झालं होतं. टीव्ही नवा आणि डिशचा डबा जुना. जुन्या लहान टीव्हीसाठीचं चित्र त्या मोठ्या पडद्यावर ताणून बसवतो तो. डबा बदला, डोळे राहू द्या.

डबा बदलला. मी सगळ्यांना पुन्हा समोर बसवलं आणि रिमोट दाबला. बाईला नाक होतं आणि त्यावर तीळही होता. कानात मात्र काहीच नव्हतं. लेक खिडकीबाहेर बघायला लागली.

मी म्हटलं, झालं गेलं गंगेला मिळालं. पण आजपासून या घरात मला खरं सांगायचं, मी रागावणार नाही. सोफा कसा आहे? बायको एका दमात म्हणाली, टोचतो. भिंतींचा रंग? लेक म्हणाली, आजारी दिसतो. मी खरंच रागावलो नाही. उलट बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याच्या भरात मेहुण्याकडे वळून मी विचारलं, "आणि माझं गाणं?"

मेहुण्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने लेकीकडे पाहिलं. मग तिघंही टीव्हीकडे पाहू लागली.

"काय सांगू भाऊजी," मेहुणा म्हणाला, "चित्र किती स्पष्ट आलंय."