चाखून बघितलेले बार

धनत्रयोदशीच्या सकाळी सुनंदाबाईंनी विद्याधर नगरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये ओव्हन लावला आणि चकली-शंकरपाळ्यांना त्या वर्षापुरती रजा दिली. नवऱ्याच्या, म्हणजे जयंतरावांच्या, विमा ऑफिसातल्या बदलीमुळे त्या मिरजेहून जयपूरला आल्या होत्या. इथल्या दिवाळीत घरोघरी सुक्या मेव्याचे डबे फिरतात, हे त्यांनी पहिल्याच वर्षी पाहिलं होतं. म्हणून यंदा सुक्या मेव्याचे बार. खाली बिस्किटासारखा खुसखुशीत थर, वर गुळाच्या पाकात घोळवलेले अक्रोड, बदाम, काजू. याच पदार्थाला वडी म्हटलं तर कोणी ढुंकून बघणार नाही आणि बार म्हटलं की लोक रेसिपी मागतात, हे बाई पक्कं ओळखून होत्या.

सुनंदाबाई सुगरण होत्या आणि त्यांना ते माहीत होतं, ही खरी अडचण. शिवाय त्यांच्या स्वयंपाकघरात उष्ट्या-खरकट्याचे नियम कडक. जयंतरावांनी एकदा चहात बुडवलेला चमचा साखरेच्या डब्यात घातला, तर बाईंनी अख्खा डबा रिकामा केला आणि ती हकीकत वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवली. आणि याच बाईंनी त्या दिवशी, पाक जमलाय का बघायला, चमचाभर पाक तोंडात घातला. तो इतका चिवट निघाला की दाढेला धरूनच बसला. बाईंनी चमचा जोर लावून ओढला, "जमला बाई एकदाचा," असं स्वतःलाच सांगितलं आणि घाईघाईत तोच चमचा पुन्हा कढईत घालून पाक ढवळला. कोणी बघत नव्हतं. कोणी बघत नसलं की सगळेच असं करतात हो, पण आपण करत नाही असं सांगत फिरत नाहीत.

दुपारपर्यंत बार भाजून, कापून झाले. एक ताटली जयंतरावांच्या साहेबांच्या घरी, मंदाकिनीताईंकडे गेली. दुसरी समोरच्या फ्लॅटमधल्या सोनमकडे. उरलेले घरी.

चार वाजता बाईंनी चहाचा पहिला घोट घेतला आणि त्यांना ब्रह्मांड आठवलं. डाव्या दाढेतून कळ थेट कानात गेली. त्यांनी जीभ फिरवली. दाढेवर बसवलेली पांढरी कॅप तिथे नव्हती. मग त्यांना तो चमचा आठवला, तो ओढणं आठवलं आणि त्यांनी कपबशी खाली ठेवली.

"अहो, माझी दाढेची कॅप पाकात गेली."

"गिळली असशील," जयंतराव म्हणाले.

"गिळली असती तर सोन्याहून पिवळं झालं असतं."

दोघांनी घरातले सगळे बार वर्तमानपत्रावर चुरले. बदामाचा प्रत्येक तुकडा दातासारखा दिसत होता. दात मात्र त्यात नव्हता. जयंतरावांनी चष्मा पुसत साखरेच्या डब्याचा विषय काढला. बाईंनी फक्त एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि तो विषय तिथेच मिटला.

साहेबांच्या बायकोच्या घासात आपला दात, हा विचारच बाईंना सोसवेना. खरं सांगायची तर सोयच नव्हती. त्यांनी मंदाकिनीताईंना फोन करून सांगितलं की देवाला नैवेद्य दाखवायचाच राहिला, तेव्हा ताटली परत पाठवा, दाखवून लगेच देते. थाप चांगली जमली. मंदाकिनीताईंनी ड्रायव्हरबरोबर ताटली जशीच्या तशी पाठवली आणि वर, अलीकडच्या बायकांना देवाधर्माचं काही राहिलेलं नाही, हेही ऐकवलं. तेही बार चुरले. कॅप नाही.

म्हणजे सोनमकडे. बाई तीच नैवेद्याची थाप घेऊन समोरच्या दारात उभ्या राहिल्या. सोनम हसली.

"आंटीजी, भोग की चिंता मत करो. अम्माजी ने आते ही हमारे ठाकुरजी को लगा दिया. फिर पूरी गली में प्रसाद बाँट आईं."

अम्माजी म्हणजे सोनमची सासू. उष्टा चमचा, त्यात दात आणि तो आधी देवापुढे, मग गल्लीभर. धरणी पोटात घेईल तर बरं, असं सुनंदाबाईंना अगदी मनापासून वाटलं. संध्याकाळी त्या भाजीच्या निमित्ताने खाली उतरल्या आणि दिसेल त्याच्या जबड्याकडे बघत चालल्या. इस्त्रीवाला काहीतरी चघळत होता. बाई त्याच्यासमोर इतका वेळ उभ्या राहिल्या की त्याने बिचाऱ्याने तोंड उघडून तंबाखू दाखवली.

परत येताना दाराच्या फटीतून अम्माजींनी त्यांना खूण केली. सोनम बाजारात गेली होती. अम्माजींनी दार लोटून घेतलं, पदराची गाठ सोडली आणि तळहात पुढे केला. त्यावर कॅप होती.

"ये किसका है?" त्यांनी हळूच विचारलं. "मेरे तो बारह साल से एक भी दाँत नहीं है."

क्षणभर बाईंच्या मनात आलं की कानांवर हात ठेवावेत. पण समोरच्या बोळक्या तोंडाकडे बघून त्यांच्याने खोटं बोलवेना. "मेरा," त्या म्हणाल्या आणि चमच्यासकट सगळं सांगून टाकलं. सांगताना त्यांची मान वर होत नव्हती. मिरजेच्या माहेरीसुद्धा कोणी त्यांना इतकं शरमलेलं पाहिलं नव्हतं.

सांगून झाल्यावर त्यांना कोडं पडलं. बार गल्लीत वाटले, तर कॅप अम्माजींकडे कशी? आता मान खाली घालायची पाळी अम्माजींची होती. गल्लीत काही वाटलंच नव्हतं. सोनमने डॉक्टरच्या सांगण्यावरून त्यांचं गोड बंद केलं होतं, म्हणून त्यांनी दुधात भिजवून भिजवून सगळी ताटली एकट्यांनी संपवली होती.

"बहू को मत बताना," अम्माजी म्हणाल्या.

"आप भी मत बताना," सुनंदाबाई म्हणाल्या. कॅप रुमालात बांधून त्या घरी आल्या. संकट टळलं, म्हणजे टळलं असं त्यांना वाटलं.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी सोनम सासूला हाताला धरून घरी आली. दुसऱ्या दिवशी कॉलनीचा अन्नकूट होता. साऱ्या कॉलनीचा एकत्र भोग आणि मग पंगत. आंटीजींचे बार पूर्ण गल्लीला आवडले, असं अम्माजी दोन दिवस सांगत होत्या, म्हणून सोनमने कमिटीला सुनंदाबाईंचं नाव देऊन टाकलं होतं. दीडशे माणसांचे बार.

सुनंदाबाईंनी अम्माजींकडे बघितलं. अम्माजी डोळे मिटून माळ ओढत होत्या. नाही म्हणायला काही कारणच उरलं नव्हतं. बाईंनी होकार दिला, चहा केला, निरोप द्यायला दारापर्यंत गेल्या.

उंबऱ्यात अम्माजी थांबल्या आणि त्यांनी बाईंच्या डोक्यावर हात ठेवला.

"बेटा, भोग का है," त्या शांतपणे म्हणाल्या. "चखना मत."

"अम्माजी, आप भी ना," सोनम ओशाळून म्हणाली, "आंटीजी को ये भी सिखाओगी? इनकी रसोई में तो जूठा चमचा तक नहीं चलता."