बॅकस्पेसचा ठराव

जेसल पार्कातल्या आमच्या सोसायटीचा कारभार दोन वर्षांपूर्वी ठरावाने डिजिटल झाला. त्याच सभेत बी विंगच्या निकेतने आपला जुना, रंगीत दिवे लागणारा मेकॅनिकल कीबोर्ड कार्यालयाला भेट दिला. मी सहसचिव, त्यामुळे नारळ मीच फोडला.

यंदा त्यातल्या बॅकस्पेसखालचा सेन्सर बिघडला. बोट न लावताही आपल्याला दाबलंय असं त्याला वाटायचं, आणि लिहिलेलं सगळं आपोआप पुसलं जायचं. दोन महिने हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लक्षात आलं ते संघप्रियामुळे. तिसऱ्या मजल्यावरच्या वैजयंताबाईंची ही मुलगी नर्स. इस्पितळात तिची निवड झाली होती, पण शनिवारपर्यंत सोसायटीचं रहिवासाचं पत्र दिलं नाही तर जागा दुसरीला जाणार होती. सोमवारी ती कार्यालयात आली, तेव्हा टाइप केलेलं पत्र सारखं पुसलं जाऊ लागलं.

“काका, पेनाने दोन ओळी लिहून द्या ना,” ती सचिव दत्तारामभाऊंना म्हणाली.

“अगं, आपण डिजिटल आहोत! पेन कसं चालेल?”

“मग माझा लॅपटॉप आणते.”

“बाहेरचं यंत्र आणायला अर्ज लागतो. सोसायटीच्याच कीबोर्डवर टाइप केलेला.”

पोरगी जिद्दीची. मंगळवारी दुपारभर त्या सेन्सरसाठी केबिन रोड पालथा घातला. कुणी म्हणालं अख्खा नवा घ्या, कुणी म्हणालं ऑनलाइन बघा. शेवटी बंटीच्या रिपेअरिंगच्या दुकानात एका भंगार कीबोर्डात अगदी तसाच सेन्सर निघाला. “ले जाओ दीदी, कचरे में ही जानेवाला था. बोलो तो मैं आके लगा दूँगा,” म्हणाला.

दत्तारामभाऊंनी सेन्सर उजेडात धरून पाहिला. “छान आहे. पण कुठल्याही वस्तूला तीन कोटेशनं लागतात.”

“काका, हा फुकट मिळालाय!”

“मग फुकट देणारे तीन दुकानदार आण.”

आणि काय सांगू, गुरुवारी तिने कोटेशनं खरंच आणली! तीन दुकानांचे शिक्के मारलेले तीन कागद, तिन्हींवर ‘मोफत’. आता आली का पंचाईत? तिन्ही दर सारखे असताना सर्वांत कमी कोणता, हे ठरवायचा अधिकार फक्त सर्वसाधारण सभेला. सभा रविवारी.

“रविवारी? अहो, शनिवार शेवटचा दिवस आहे!” तिचे डोळे भरून आले. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण नियम म्हणजे नियम. तोही मी स्वतः तयार केलेला.

रविवारी ठराव एकमताने मंजूर झाला. बंटीने दहा मिनिटांत सेन्सर बसवला. दत्तारामभाऊंनी सर्वांत आधी संघप्रियाचं पत्र टाइप केलं, मोठ्या मनाने. वैजयंताबाईंनी ते हातात घेतलं, वाचलं आणि परत टेबलावर ठेवलं. “त्या जागेवर दुसऱ्या मुलीला घेतलं,” त्या म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली.

“तुम्ही काय लिहिताय?”

“सभेचं इतिवृत्त.”

“पेनाने?”

“ते पेनानेच लिहायचं असतं, वैजयंताबाई. चार पानं झाली.”

त्या जिना चढून गेल्या.

तुम्ही हसताय आम्हाला, हसा खुशाल. पण तिसऱ्या पानावर हात वर करणाऱ्यांची नावं आहेत. मागच्या रांगेत मोबाइलवरची नजर न काढता, कशाला ते न विचारता वर झालेला तो हात तुमचाच होता. मी शाईने लिहून ठेवलंय. ते पुसलं जात नाही.