धाकट्या जावयांनी फोन जोडला

"झालंच!" धाकटे जावई म्हणाले आणि पडदा पुन्हा निळा झाला.

हे 'झालंच' त्यांनी इतक्यांदा म्हटलं होतं की मागच्या रांगेतले पाहुणे आता त्यांच्याबरोबरीनं म्हणायला लागले होते. पुढच्या रांगेत मधोमध मास्तर बसले होते, म्हणजे त्यांचे सासरे. मास्तरांनी एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि मग जावयांकडे न बघता पडद्याकडेच बघत बसले. शेवटी सासूबाई उठल्या.

"आपण असं करू, आधी सगळे खाली जाऊन चहा घेऊ. तोवर यांचं होईल."

'यांचं होईल' हे शब्द सासूबाईंनी आजारी माणसाबद्दल बोलावं तसे उच्चारले. खुर्च्या सरकल्या, मंडळी जिन्याकडे निघाली. थोरले जावई मात्र जाताजाता थांबले.

"मी बघू का?"

हे तीन शब्द धाकट्या जावयांनी लग्न झाल्यापासून ऐकले होते. डब्याचं झाकण लागत नसलं की 'मी बघू का', बाळ रडलं की 'मी बघू का'. आणि साडूभाऊंनी बघितलं की झाकण लागायचं, बाळ हसायचं. चीड यावी असं त्यांच्यात काहीच नव्हतं, हीच खरी चीड आणणारी गोष्ट होती.

"नको हो साडूभाऊ, झालंच!" धाकटे जावई म्हणाले.

मास्तर म्हणजे ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. अर्ध्या गावाला त्यांनी गाडी शिकवली होती आणि आज स्कूल बंद करून ते घरी बसणार होते. म्हणून जुन्या विद्यार्थ्यांनी हा निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता. सगळ्या जन्मात मास्तर ज्याला गाडी शिकवू शकले नाहीत असा माणूस एकच निघाला, आणि तो त्यांचा स्वतःचा धाकटा जावई. शिकवणीच्या गाडीत मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक असायचा. धाकटे जावई चालवायला बसले की गाडी त्यांच्या पायांपेक्षा मास्तरांच्याच पायानं जास्त थांबायची. दर वळणावर "ब्रेक!" अशी आरोळी. त्या आरोळीनं यांचे हात स्टिअरिंगवरून सुटायचे आणि पाय नको तिथे पडायचा. जावई परीक्षेत तीनदा नापास झाल्यावर मास्तर एवढंच म्हणाले, "राहू द्या. सगळ्यांनाच सगळं येतं असं नाही."

तेव्हापासून मास्तरांच्या घरच्या गाडीची किल्ली थोरल्या जावयांच्या खिशात असे आणि धाकटे जावई मागच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन बसत. सासरच्या घरात त्यांची जागा तीच ठरली होती. ती जागा त्यांना बदलायची होती, म्हणून त्यांनी आपणहून हे काम मागून घेतलं होतं. मास्तरांचे जुने फोटो घरोघर हिंडून गोळा केले, फोनमध्ये घेतले, ओळीनं लावले. आता फक्त फोन प्रोजेक्टरला जोडायचा होता आणि घोडं तिथेच पेंड खात होतं.

पहिली वायर फोनला बसेना, कारण फोनला बायकोनं हौसेनं घेतलेलं जाडजूड कव्हर होतं. कव्हर निघेना. ते दातांनी काढलं, तर वायर बसली पण पडदा निळाच. दुसरी वायर काढली. ती प्रोजेक्टरला बसली पण फोनला बसेना. तिसरी दोन्हीकडे बसली आणि तिनं फोन चार्ज करायला सुरुवात केली.

"हे चालत कसं नाही?" त्यांनी हॉलच्या मॅनेजरला विचारलं.

"काल चालत होतं," मॅनेजर म्हणाला. त्याच्याकडे सगळ्या प्रश्नांना हे एकच उत्तर होतं. पंख्याबद्दल विचारलं तेव्हाही त्यानं हेच सांगितलं होतं.

"रिमोट?"

"आहे की. सेल गेलेत." मॅनेजर जरा विचार करून म्हणाला, "बिनवायरचं करून बघा ना. आपल्याकडे सोय आहे. खाली एक मशीन, वर एक मशीन, दोन्ही एकाच बटणावर लागतात. खाली 'सुस्वागतम्' लावलंय ते त्यावरच."

आणि तो खाली चहा घ्यायला गेला.

धाकट्या जावयांनी फोनमध्ये शोधलं, तर दोन नावं आली, 'हॉल एक' आणि 'हॉल दोन'. आता आपण पहिल्या मजल्यावर, म्हणजे एक. कुठलाही शहाणा माणूस हाच हिशेब करील. खालचा हॉल आधी बांधला आणि वरचा मजला नंतर चढवला, हे त्यांना कोण सांगणार? त्यांनी 'हॉल एक'वर बोट ठेवलं. फोनवर अक्षरं उमटली, 'जोडले गेले'. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा निळाच.

"खोटारडा," ते फोनला म्हणाले आणि फोन म्हणतो त्याकडे त्यांनी साफ दुर्लक्ष केलं.

बायकोला निरोप टाकला, 'पाच मिनिटं. बाबांना चहात गुंतवून ठेव. बिस्किटं लपव, म्हणजे शोधण्यात वेळ जाईल.'

खालून हसण्याचा आवाज आला. चला, निदान मंडळी मजेत आहेत, असं त्यांना वाटलं. पण जिवाची तगमग थांबेना. ते खुर्च्यांमधून येरझारा घालू लागले आणि चालताचालता फोनवरच उपाय शोधू लागले. 'फोन प्रोजेक्टरला कसा जोडावा.' मग, 'पडदा निळा का दिसतो.' मग, 'फोन जोडले म्हणतो पण जोडत नाही.' आणि शेवटी अगदीच काकुळतीला येऊन, 'सासरी अब्रू कशी वाचवावी'.

खाली पुन्हा हशा. या वेळी जरा मोठा.

प्रोजेक्टरच्या मागे काय काय भोकं आहेत ते दिसेना, म्हणून त्यांनी फोनचा कॅमेरा लावून हात मागे घातला. जळमटं दिसली, धूळ दिसली, एक मेलेलं झुरळ दिसलं. खालून कुणीतरी बाई किंचाळल्यासारखं वाटलं. मग कॅमेरा उलटा फिरला आणि त्यांना स्वतःचाच चेहरा दिसला. कपाळावर घाम, मिशीला जळमट. त्यांनी मिशी पुसली, दात विचकून दातांत कव्हरचा तुकडा अडकलाय का ते जवळून पाहिलं आणि केसांवरून हात फिरवला. खाली तर आता नुसता गडगडाट चालला होता. कोण एवढं हसवतंय? साडूभाऊच असणार! विनोदही सांगता येतात त्यांना!

तेवढ्यात बायकोचा फोन आला. त्यांनी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा आला तेव्हा कापून त्यांनी निरोपच पाठवला, 'फोन करू नकोस! तुझे बाबा म्हणजे नुसता हँडब्रेक. ते घड्याळ बघतात आणि माझं इंजिन बंद पडतं.'

खाली एकच हसणं ऐकू आलं, एकट्या माणसाचं, जाड आवाजाचं. ते ओळखीचं वाटलं, पण मास्तरांना हसताना त्यांनी फारसं कधी ऐकलंच नव्हतं.

मग आणखी एक निरोप आला आणि धाकट्या जावयांनी सवयीनं इकडेतिकडे पाहून घेतलं. हॉल रिकामा होता. निरोप होता समोरच्याचा.

समोरचा म्हणजे मास्तरांच्या स्कूलच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडे, ज्यानं दुसरी ड्रायव्हिंग स्कूल काढली तो. पूर्वी तो मास्तरांचाच विद्यार्थी, मग त्यांच्या हाताखालचा माणूस. मास्तरांच्या घरात त्याचं नाव घेत नसत, नुसतं 'समोरचा' म्हणत. आणि गेले कित्येक महिने धाकटे जावई भल्या पहाटे, टोपी कानांवर ओढून, 'फिरायला जातो' म्हणून घराबाहेर पडत आणि त्या समोरच्याकडे गाडी शिकत. ही गोष्ट बायकोलासुद्धा ठाऊक नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

निरोप असा होता, 'लायसन्स हातात आलं म्हणून क्लास बुडवू नका. उद्या पहाटे या. तुमचा रिव्हर्स अजून कच्चा आहे.'

धाकट्या जावयांनी घाईघाईनं लिहिलं, 'येतो. पण आज निरोप पाठवू नका, मास्तरांचा समारंभ आहे. त्यांना कळलं तर मी मेलो.' बोट क्षणभर थांबलं. मग, मन भरून आलेलं असलं की माणूस लिहितो तसं ते लिहीतच गेले, 'त्यांच्याकडेच शिकलो असतो हो. पण ते शेजारी बसले की माझे हातपाय गळतात, आणि त्यांच्यासमोर चौथ्यांदा नापास व्हायची माझी हिंमत नव्हती. एकदाच त्यांना शेजारी बसवून, एकही धक्का न देता घरी न्यायचंय. मग माझी गाडी पुन्हा कधी चालली नाही तरी चालेल.'

निरोप गेला. खाली काहीच वाजलं नाही. हसणं नाही, कपबशी नाही, खुर्ची नाही. धाकट्या जावयांनी कान टवकारले. चहा संपला! आता सगळे वर येणार!

मग मात्र त्यांना कुठून बळ आलं कोण जाणे. खुर्चीवर चढून त्यांनी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला, माइक उघडून त्यातला दुसरा काढला, दोन्ही रिमोटमध्ये कोंबले. पहिली वायर पुन्हा लावली आणि रिमोटवर दिसेल ते बटण दाबत सुटले. चौकोनी, गोल, लाल. आणि अचानक निळा पडदा गेला. पडद्यावर तरुण मास्तर आले, दाट केसांचे, एका जुनाट गाडीच्या बॉनेटला टेकून उभे.

"झालं!" धाकटे जावई ओरडले. आजच्या दिवसात पहिल्यांदा 'झालं' म्हणाले, 'झालंच' नाही.

मंडळी वर आली. का कोण जाणे, सगळे त्यांच्याकडे बघत होते. मागच्या रांगेतल्या एकानं तर येऊन पाठ थोपटली. साडूभाऊ प्रोजेक्टरपाशी आले आणि नुसती मान डोलावून जाऊन बसले. 'मी बघू का' नाही, काही नाही. बायको डोळे पुसत होती. फोटो सुरेख झाले. घड्याळ बंद असल्यामुळे कुणाला वेळेचं भान राहिलं नाही. माइक बंद असल्यामुळे मास्तर तसेच बोलले, आणि इंजिनांवर ओरडण्यात ज्याचा जन्म गेला त्याला माइक हवा कशाला? शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत ऐकू गेलं.

टाळ्या झाल्या, मंडळी पांगली. धाकटे जावई समाधानानं वायर गुंडाळत होते, तेव्हा मॅनेजर आला.

"खालचं मशीन बंद करतो आता. तुमचा कार्यक्रम फार आवडला हो सगळ्यांना."

"वरचा ना?"

"वरचाही चांगला होता," मॅनेजर म्हणाला. "पण खालची मजा नाही आली वर."

"खाली काय होतं?"

"सगळंच होतं! बिस्किटं लपवायचं, झुरळ, तुमचे दात..." मॅनेजरनं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि धाकट्या जावयांच्या हातातून वायर गळून पडली. "ते क्लासचं मात्र वाचलं आणि सगळे गप्पच झाले बघा."

बायको धावत जवळ आली. "अहो, किती फोन केले! मी वर यायला निघाले होते, पण बाबांनी हाताला धरून बसवलं. म्हणाले, बस, वाचू दे मला."

धाकट्या जावयांनी दाराकडे पाहिलं. दारात मास्तर उभे होते. पळून जायला दुसरं दार नव्हतं. मास्तर सावकाश चालत आले आणि अगदी समोर येऊन थांबले.

"कच्चा आहे म्हणजे काय?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"रिव्हर्स! त्या समोरच्याचा रिव्हर्स मी स्वतः पक्का करून घेतला होता. सरावाचे खांब पाडले होते त्यानं माझे. आणि तो माझ्या जावयाचा कच्चा ठेवतो?"

"बाबा, माझं चुकलं... मी सांगणारच होतो..."

"लायसन्स आणलंय?"

धाकट्या जावयांनी पाकीट काढलं. मास्तरांनी लायसन्स उजेडात धरून दोन्ही बाजूंनी पाहिलं, फोटोकडे पाहिलं, मग जावयांकडे पाहिलं. मग ते साडूभाऊंकडे वळले आणि हात पुढे केला. साडूभाऊंनी खिशातून गाडीची किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. धाकट्या जावयांची नजर त्या किल्लीबरोबर सरकत सरकत आपल्याच तळहातापाशी आली.

"चला," मास्तर म्हणाले. "हँडब्रेक शेजारी बसतोय."

फोन बंद करून धाकट्या जावयांनी तो बायकोच्या हवाली केला. साडूभाऊ मागे बसले, पिशव्या मांडीवर घेऊन. रस्त्यात वळणं आली, एक कुत्रं आडवं आलं, एक सायकलवाला हात न दाखवता वळला. मास्तर एक शब्द बोलले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून ते समोर बघत बसले होते आणि त्यांच्या ओठांची नुसती रेघ झाली होती. घरापाशी गाडी रिव्हर्समध्ये फाटकातून आत गेली, भिंतीला न घासता जागेवर उभी राहिली आणि इंजिन बंद झालं. धाकट्या जावयांनी किल्ली काढून पुढे केली.

"असू द्या तुमच्याकडेच," मास्तर म्हणाले आणि उतरले. दोन पावलं टाकली आणि लंगडायला लागले.

"अगंबाई! पायाला काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही गं," मास्तर पोटरी चोळत म्हणाले. "या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही ना. तिथून इथपर्यंत तोच दाबत आलोय."