चिंतामणींची सहा पिंपं

"दिवाळीपर्यंत माझी स्कूटर शेवाळावर पळवून दाखवतो, बघच तू!" चिंतामणींनी मल्लव्वाला ठणकावून सांगितलं.

मल्लव्वा गल्लीच्या तोंडाशी भाकऱ्या करून विकायची. बायको, अनसूयाबाई, गेल्यापासून चिंतामणींच्या दोन भाकऱ्या तिच्याकडूनच यायच्या. भाकऱ्या महागल्याचं सांगायला ती आली होती.

"काय करू काका? ज्वारी लई महाग झाली. जो तो मकाच लावायलाय. मक्यापास्नं गाडीचं इंधन करत्यात म्हणं."

"म्हणजे गाड्या जेवणार आणि आपण उपाशी! थांब जरा!"

शेवाळातून तेल निघतं, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. शेत नको, बियाणं नको. ऊन तर सोलापुरात फुकट! पाणी पाचव्या दिवशी यायचं, पण एकट्या माणसाला लागतं किती? अनसूयाबाईंची सहा पिंपं त्यांनी अंगणात मांडली.

तीन महिन्यांत पिंपं पोपटासारखी हिरवीगार! चिंतामणी रोज काठीनं ढवळायचे आणि ढवळता ढवळता बोलायचे. आमटी खारट झाली. मुलाचा, सुबोधचा, पुण्याहून फोन नाही. शेवाळ सगळं ऐकून घ्यायचं. उत्तर तेवढं द्यायचं नाही. पिंपं बघायलाही कुणी फिरकत नव्हतं.

मग एकदा आठ दिवस पाणीच आलं नाही.

"एकटा जीव, आन सहा पिंपं भरलेली!" गल्लीत बोंब झाली. दुपारी आठ बाया घागरी घेऊन दारात!

चिंतामणी हरखले. प्रयोग बघायला आल्या! त्यांनी घाईघाईनं धुतलेला सदरा चढवला.

"या, या! आधी वास घ्या!"

त्यांतली रंभाबाई वाकली आणि तिची घागर हातातून सुटली. "अगं बया! हे काय म्हणायचं?"

"तेल आहे ते!"

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या.

"बाई गेल्यापास्नं पिंपं घासलीच न्हाईत," एक कुजबुजली.

"मला म्हणले, यावर स्कूटर पळवतो," मल्लव्वानं डोळ्याला पदर लावला. "मला वाटलं, गंमत करायलेत!"

इतक्यात कुणीतरी ओरडलं, "नळ आला!"

चारजणी घराकडे पळाल्या. मल्लव्वासकट उरलेल्या चौघींनी पदर खोचले आणि पहिलं पिंप आडवं केलं.

"अहो, इंधन! इंधन चाललं गटारात!"

"व्हय व्हय काका, तुमी सावलीत बसा की."

चिंतामणी आता खरंच ओरडणार होते. पण नारळाची शेंडी पिंपावर फिरायला लागली. खर्र, खर्र! पाणी यायच्या दिवशी अनसूयाबाई अशाच घासायच्या, आणि हे आतून खेकसायचे, "हळू घास गं, पेपर वाचतोय!"

ते पायरीवर बसले. खेकसले नाहीत.

बायांनी सहाही पिंपं भरून दिली. मल्लव्वानं चहा केला. पाच कप! कपबशा धुवायला कितीतरी दिवसांनी वेळ लागला.

सगळ्या गेल्यावर चिंतामणींनी पिंपं तपासली. सहाव्याच्या काठाखाली बोटभर हिरवं राहिलं होतं. त्यांनी शेंडी उचलली आणि परत ठेवली.

स्कूटर नाही पळाली तर नाही पळाली. पण बायांना परत यायला काहीतरी निमित्त नको का!